पटावर चौदा

आमच्या शाळेत एक मूल शिंकलं
तर सात टक्के शाळा शिंकते.
पटावर चौदा. पहिलीत कुणीच नाही,
आठवीत डेल्फिनो एकटा,
वर्गात पहिलाही तोच, शेवटचाही.

मी हजेरी लिहिते, फोन उचलते,
खरचटल्या गुडघ्याला पट्टी लावते,
आणि हिवाळ्यात बॉयलरला लाथ घालते.
ती नेमकी कुठे घालायची
हे सांता फेमधल्या कचेरीत कुणालाच ठाऊक नाही.

दर महिन्याच्या पाच तारखेला तिथून पत्र येतं:
आपली उपस्थिती चिंताजनक आहे.
चिंताजनक म्हणजे
नेस्तोरा आणि तिचे दोघे भाऊ
एकाच आठवड्यात तापानं पडले.
तीन पोरं. एकवीस टक्के.

यंदा निकालाचा कागदही आला.
चौथीसमोर गणितात आकडा नाही,
वाचनात आकडा नाही,
नुसती एक चांदणी.
खाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात:
संख्या फार कमी असल्याने दाखवता येत नाही.
चौथीत बेलार्मिनो एकटा.
कागद बघून म्हणाला, "हे चांगलं की वाईट?"
मी म्हटलं, मला नाही बाबा वाचता येत.

त्याचे एकतीस खाडे.
खाड्याला रकाने दोनच, सकारण आणि विनाकारण.
चिखलाला रकाना नाही.
डोंगरावरचं बर्फ वितळलं
की बस पुलावरूनच मागे वळते.
तो वर, गुरांच्या फाटकाशी उभा,
साडेसहापासून,
डबा जाकिटाच्या आत छातीशी धरून.
नऊ वाजता परत फिरतो.
गैरहजर बस,
खाडा त्याच्या नावावर.
मी समासात लिहून बघितलं होतं एकदा.
उत्तर आलं, समास कोरा ठेवावा.

एप्रिलमध्ये पाट उपसतात.
त्या शुक्रवारी शाळेत मी आणि बॉयलर.
आर्चुलेटाबाईसुद्धा आल्या नाहीत,
त्यांच्याही वाटाण्याला पाणी लागतंच.
दहापर्यंत वाट पाहिली,
मग कुलूप लावलं, हजेरीची वही काखेत मारली आणि निघाले.

पाटकरी कासिमिरो त्याच्या तेलकट वहीतून
नावं पुकारत होता,
आधी शेताचं, मग माणसाचं.
"इथे!" "इथे!"
बापाचं नाव आलं तेव्हा
बेलार्मिनो म्हणाला, "इथे."
बाप कुठे, ते कुणी विचारलं नाही.
फावडं त्याच्याहून वीतभर उंच.

वरच्या वळणावर कासिमिरो अडला.
"बावीस दांडे लांबी, माणसं सहा..."
बोटं मोजली, टोपी काढली, पुन्हा घातली.
"साडेपाच," बेलार्मिनो म्हणाला,
फावडं न थांबवता.
"प्रुदेन्सियाआजींचा वाटा अर्धाच आहे.
एकेकाला चार दांडे, त्यांना दोन."
मग माझी पेन्सिल मागून घेतली
आणि कासिमिरोच्या वहीत स्वतःच लिहून दिलं.
कासिमिरोनं आकडे वाचले,
आणि पुढचं नाव पुकारलं.

तिसऱ्या प्रहरी पाणी सोडलं.
आधी आला पालापाचोळा, मग तपकिरी फेस,
एक चपटी बाटली, कुणाचा तरी हातमोजा,
मग पाणी.
पोरं काठाकाठानं त्याच्यापुढे पळत होती,
ओरडत, ढकलत.
मला आपली सवय. मोजली.
पाटावर चौदा.

तिथेच दगडावर बसून वही उघडली.
शुक्रवार. चौदा चौकोन.
कारणाशी आले आणि थांबले.
पेन्सिलीवर बेलार्मिनोच्या बोटांचा
तांबडा चिखल अजून ओलाच होता,
तो रकान्यात उतरला, अंगठ्याएवढा.
रबर दप्तरात होतं.

सोमवारी पान तसंच पाठवलं.